बायोकेमिस्ट्री घ्यावी की बायोटेक्नॉलॉजी?

बारावीला केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही आवडले, की आमच्या गावाकडच्या पोरापोरींपुढे ही दोन नावं येतात. दिसायला सख्ख्या बहिणी, पण स्वभाव वेगळे.

बायोकेमिस्ट्री विचारते, हे घडतं कसं? सिकलसेलच घ्या, गडचिरोली-चंद्रपूरकडे कितीतरी घरांत हा आजार आहे. रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. एवढाच फरक! पण ऑक्सिजन कमी झाला की ते रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे विजेच्या जोरावर प्रथिनं वेगळी केली, की वाहकाच्या (एक जनुक चांगलं, एक बिघडलेलं अशा माणसाच्या) नमुन्यात दोन ठळक पट्टे शेजारी-शेजारी उमटतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हललेच नाही.

बायोटेक्नॉलॉजी विचारते, मग यातून करायचं काय? २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूस तिचाच. जिवाणूचं जनुक पऱ्हाटीत, अन् बोंडअळीचं आतडं निकामी करणारं प्रथिन पानाबोंडांत. गुलाबी बोंडअळी पुढे त्यालाही सरावली, म्हणून काम संपलेलं नाही. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ.

माझं मत विचाराल तर बीएससीला बायोकेमिस्ट्रीच घ्या. पाया पक्का झाला की एमएससीला बायोटेककडे वळता येतं. उलट वळताना केमिस्ट्री कच्ची पडते. प्रवेशाआधी कॉलेजची लॅब मात्र स्वतः पाहून या. पीसीआरचं (डीएनएच्या प्रती काढणारं) मशीन पोरांच्या हाती येतं का, ते तिथल्याच सीनियरला विचारा.