जिप्सम प्लास्टरची गोणी: माल चांगला, सूचना अर्धवट

हॉलची अख्खी भिंत, 14 बाय 10 फूट, रेडिमेड जिप्सम प्लास्टरने स्वतः केली. याआधी आयुष्यात थापी हातात धरली नव्हती. मालाला पाचपैकी चार स्टार, गोणीवर छापलेल्या सूचनांना एक, तोही उगाच.

आधी किती लागतं ते. 25 किलोची गोणी 12-13 मिमी जाडीला साधारण 20-21 स्क्वेअर फूट जाते, म्हणजे हिशोबाने मला सात पुरायला हव्या होत्या, पण ओळंबा सोडला तेव्हा कळलं भिंतीला मध्ये पोट आत गेलंय, तिथे जाडी वाढली आणि एक गोणी त्यातच गेली. मी दहा आणलेल्या. बाकीच्यांचं काय झालं ते पुढे येतंच.

नवशिक्याला सोपं असं जे सांगतात ते अर्धं खरं आहे. वाळू चाळा, प्रमाण मोजा, नंतर आठवडाभर भिंतीवर पाणी मारत बसा, सिमेंटची ही भानगड इथे नाही. पाण्यात पावडर सोडायची (पावडरीत पाणी नाही, तळाशी कोरडे गोळे राहतात), मिनिटभर भिजू द्यायची आणि ड्रिलला पॅडल लावून फिरवायची. पण त्यानंतर हातात अर्धा तासही नसतो हो. मी पहिल्याच फटक्यात अर्धी गोणी कालवली, अर्धा माल भिंतीवर, अर्धा खाली, आणि वळून बघते तर बादलीतलं दगड, वर हाताला कोमट लागतंय. धाकट्या भावाने हुशारी करून त्यात पाणी ओतलं. सैल झाल्यासारखं वाटलं म्हणून लावलं, दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून निघालं. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की ही पावडर होते, आपण पाणी दिलं की ते परत धरून बारीक स्फटिक होतात आणि एकमेकांत अडकतात, त्यालाच आपण सेट होणं म्हणतो. मध्येच ढवळलं की ती पकड तुटते आणि पुन्हा काही येत नाही.

पुढचा घाणा तर त्याहून लवकर आवळला, मला वाटलं गोणीच खराब. तर नाही, बादलीच्या कडेला जुना सुकलेला माल चिकटलेला होता आणि त्यामुळे नवा भराभर सेट होतो. दर वेळी बादली आणि पॅडल स्वच्छ धुवायचं, एवढी एक ओळ छापायला काय जात होतं यांचं? दीड गोणी या दोन धड्यांतच गेली.

मग जमलं ते असं. आधी भिंतीवर ठिये (जाडी ठरवायला लावलेले मालाचे छोटे ठोकळे) देऊन घेतले, त्यांच्या लेव्हलने मालाच्याच उभ्या पट्ट्या ओढल्या आणि एका वेळी दोन पट्ट्यांमधला एकच गाळा भरायचा. भाऊ कालवतो, मी लावते, मग अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खालून वर हलवत ओढायची. आवळायला लागलं की गुरमाळा, म्हणजे घोटायची सपाट थापी. इथे सारखं पाणी शिंपडून घोटायचा मोह होतो, तो आवरा, वर पिठूळ थर येतो. शेवटचे दोन गाळे इतके छान आलेत की पहिल्या गाळ्यापुढे मी कपाट ठेवलंय.

अजून एक, कॉलमवर. काँक्रीट गुळगुळीत होतं, मी तसंच लावलं, सुकल्यावर ठोकलं तर पोकळ वाजलं. सगळं पाडून, टाचे मारून (काँक्रीटला खाचा पाडून), बाँडिंग एजंट (माल धरावा म्हणून आधी लावायचा चिकट थर) लावून पुन्हा केलं. गोणीवर याबद्दल फक्त ‘स्वच्छ पृष्ठभागावर लावावे’. स्वच्छ तर होताच की!

बाथरूमला किंवा ओल येणाऱ्या भिंतीला हे अजिबात घेऊ नका, पाण्यापुढे टिकत नाही. आणि रंगाची घाई नको, गडद डाग जाऊन सगळी भिंत एकसारखी फिकट होईपर्यंत मी प्रायमरचा डबा उघडलाच नाही.

उरलेली अर्धी गोणी तोंड दुमडून कोपऱ्यात ठेवलेली, परवा उघडली तर दमट हवेने आत खडे. बेडरूमला नवीन आणावी लागेल, आणणार हीच.