वाढत्या अंगाचं व्हायोलिन : भाड्यानं, विकत, की कुणाचं तरी जुनं?

लेक सात वर्षांची असताना व्हायोलिनच्या क्लासला घालायचं ठरलं आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, “मोठंच घ्या की, वाढतं अंग हाय लेकराचं.” आमच्या घरात गणवेश चार बोटं दुमडून शिवतात आणि बूट एक नंबर मोठा घेऊन पुढं कापूस कोंबतात. त्यामुळं सूचना घराण्याला धरूनच होती. फक्त व्हायोलिनला दुमड घालता येत नाही.

मोठ्या व्हायोलिनवर लहान हात ठेवला की करंगळी जागेवर पोचत नाही, मनगट आत मोडतं, खांदा वर चढतो. स्वर बेसूर लागतो तो हात पुरत नाही म्हणून, पण लेकराला वाटतं आपल्याला गाणंच जमत नाही. दोन महिन्यांत वाद्य कपाटावर जातं. म्हणजे लहान माप घ्यायलाच लागतं, आणि ते दीड-दोन वर्षांत पुन्हा बदलायला लागतं. भाड्याचा प्रश्न येतो तो इथंच.

मापांची नावं अपूर्णांकात असतात: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण आणि त्याखाली आठवा, दहावा, सोळावा हिस्सा. आमचे सासरे याला आण्यांत मोजतात. सोळावा हिस्सा म्हणजे एक आणा, पाव म्हणजे चार आणे, पाऊण म्हणजे बारा आणे आणि मोठ्यांचं ते सोळा आणे. ऐकायला झकास, पण हिशोब फसवा. मान सोडून नुसत्या पेटीची लांबी मोजली तर पूर्ण मापाचं व्हायोलिन साधारण ३५.५ सेंटिमीटर भरतं, पाऊण ३३.५, अर्धं ३१ आणि पाव २८ च्या आसपास. म्हणजे ‘अर्धं’ काही अर्धं नसतं. कारखान्यागणिक थोडा फरकही पडतो. म्हणून ऑनलाइन मागवताना “वय ७ ते ९, अर्धं माप” एवढंच वाचून बटण दाबू नका. त्याच वयाची दोन लेकरं शेजारी उभी केली तर हातांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज निघतो.

हात मोजायची रीत सोपी आहे. व्हायोलिन डाव्या खांद्यावर धरायचं आणि डावा हात त्याच्याखालून सरळ लांब करायचा. टोकाचा गोल भाग तळव्यात बसला आणि बोटं त्याच्याभोवती आरामात वळली, तर माप बरोबर. नुसती बोटांची टोकंच पोचत असतील तर एक माप खाली या. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पायावर टेकवतात, त्यामुळं आमचे सर हातासोबत बैठकही बघतात. उंच पोरीच्या हातात फार छोटं वाद्य दिलं की ती पाठीतून वाकते.

आता पैशाचं बोलू. पुढचे आकडे मी हिशोबाला सोपे म्हणून धरलेत, तुमच्या दुकानदाराचे आकडे घालून पुन्हा करा. समजा अर्ध्या मापाचं, विद्यार्थ्यांसाठीचं नवीन व्हायोलिन ६,००० रुपयांना मिळालं. तारा टेकतात ती घोडी तासून घेणं, खुंट्या नीट बसवणं, तारा बदलणं यांत १,००० गेले. दीड वर्षानं ते निम्म्या किमतीला, ३,००० ला गेलं. म्हणजे दीड वर्षाचा खरा खर्च ४,०००. भाडं महिना ६०० धरलं तर तेवढे पैसे सातव्या महिन्यात संपतात, आणि अठरा महिन्यांचं भाडं होतं १०,८००. तिसरा पर्याय जुन्याचा. ३,५०० ला घेतलं, १,००० दुरुस्तीला, २,५०० ला विकलं, खर्च २,०००. म्हणजे चौथ्या महिन्यातच भाडं महाग पडायला लागतं.

युरोप-अमेरिकेत बऱ्याच घरी मुलांची व्हायोलिनं भाड्यानं घेतात, हे वाचून आपल्याकडंही तसंच करावं असं वाटतं. पण तिथं भाड्यात बऱ्याचदा देखभाल येते, माप बदलून मिळतं, काही ठिकाणी विमा असतो आणि भरलेल्या भाड्याचा काही हिस्सा पुढं विकत घेताना वळता करून देतात. वाद्यही चांगल्या प्रतीचं असतं. आपल्याकडं कारखान्यातलं स्वस्त व्हायोलिन इतकं स्वस्त पडतं की तेच भाड्यानं घेण्यात अर्थ उरत नाही. भाडं परवडतं ते दोनच वेळा. पहिली, लेकरू टिकेल की नाही हे कळेपर्यंतचे तीन-चार महिने. दुसरी, स्वतः विकत घ्यायला जड जाईल असं उत्तम वाद्य भाड्यानं मिळत असेल तेव्हा.

आणि अट एकच: माप बदलून द्यायला दुकान जवळ पाहिजे. भाड्यात आपण मुळात पैसे मोजतो ते बदलण्याच्या सोयीचे. छत्रपती संभाजीनगरात राहत असाल आणि दुकान गावातच असेल, तर शनिवारी जाऊन पाव देऊन अर्धं आणता येतं. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात, नांदेडहून त्याहून लांब. तिथल्या दुकानातून भाड्यानं आणलेलं वाद्य तुम्ही बदलायला नेतच नाही, “पुढच्या सुट्टीत बघू” म्हणत वर्ष काढता. मग ते भाडं राहत नाही, न संपणारा हप्ता होतो.

हे मी अनुभवानं सांगतेय. आमचं पहिलं अर्धं व्हायोलिन लांबच्या शहरातल्या एका दुकानातून भाड्यानं आणलं होतं, दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट ठेवून. मे महिना आला. पारा ४२ च्या वर, दुपारी खोलीत कूलर. व्हायोलिन आम्ही कूलरच्या झोताच्या वाटेतच ठेवत होतो. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद झाला की कोरडा फुफाटा. तीन आठवड्यांत खालच्या बाजूनं पेटीचा सांधा नखभर उकलला. दुकानदार फोनवर म्हणाला, “हवामानामुळं झालेलं नुकसान ग्राहकाकडं असतं, पावतीमागं लिहिलंय बघा.” लिहिलं होतं खरं, बारीक अक्षरात. डिपॉझिट गेलं. चूक निम्मी आमची होती हे मी मान्य करते, पण दुरुस्ती फार मोठी नव्हती. व्हायोलिन सरसानं जोडलेलं असतं आणि ताणामुळं लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा, हे त्या जोडणीत गृहीतच असतं. जाणत्या कारागिरानं तो पुन्हा चिकटवला की झालं. सांधा उकलला आणि लाकडाला चीर गेली यांतला फरक तेव्हा मला माहीत नव्हता, म्हणून मी भांडलेच नाही.

तेव्हा भाड्यानं घेणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा: सांधा सुटला तर कोण भरणार आणि चीर गेली तर कोण? तार तुटली तर? वाजवायच्या गजाचे केस झडले तर? माप बदलताना कुरिअरचा खर्च कुणाकडं? मध्येच परत दिलं तर उरलेल्या महिन्यांचं काय? आणि ताब्यात घेताना दुकानातच मोबाइलवर फोटो काढा, पुढून, मागून, घोडीच्या जवळून, सगळ्या सांध्यांचे. दुकानदाराला वाईट वाटलं तर वाटू द्या.

उन्हाळ्याचा मुद्दा नवीन, जुनं, भाड्याचं सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून इथंच सांगून टाकते. साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला स्पंज ठेवायचा आणि डबी व्हायोलिनच्या खोक्यात ठेवायची, म्हणजे लाकूड कोरडं पडत नाही. स्पंज ओलसर हवा, पाणी गळता कामा नये. पत्र्याच्या खोलीत, उन्हात उभ्या गाडीत आणि एसटीच्या डिकीत व्हायोलिन ठेवायचं नाही, मांडीवर घ्या. गज वापरून झाला की त्याचे केस सैल करा. उलट तारा मात्र सगळ्या एकदम सैल करायच्या नाहीत. आत एक छोटी लाकडी कांडी नुसत्या दाबावर उभी असते, ती पडली की आवाज मेला समजा. एफसारख्या भोकातून ती पुन्हा उभी करणं हे घरच्या चिमट्याचं काम नाही. जूनमध्ये पाऊस लागला की खुंट्या फुगून अडकतात. त्यांना तेल लावू नका, आमच्या मामांनी लावलं होतं.

माझा कौल जुन्याकडं आहे, आणि त्याचं कारण खास लातूरचं आहे. इथं नववी-दहावीत पोरं वाद्य सोडतात. अकरावीला डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचे क्लास सुरू झाले की संध्याकाळ उरत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा देऊन दहावीचे वाढीव गुण पदरात पडेपर्यंत वाद्य हातात असतं, पुढं ते दिवाणाखाली जातं. वाईट वाटतं. पण व्यवहारानं बघायचं तर दहावीचा शेवटचा पेपर झाल्यापासून जूनपर्यंत या शहरात जेवढी व्हायोलिनं रिकामी होतात तेवढी वर्षभरात होत नसतील. पूर्ण आणि पाऊण मापं तेव्हा शोधा. लहान मापांसाठी क्लासमधली साखळी धरा: वरच्या इयत्तेतल्या कुणाचं अर्धं सुटलं की खालच्याला द्यायचं. आमच्या क्लासला ही पद्धत आपोआप पडलीये. किंमत सर ठरवतात, म्हणून घासाघीस होत नाही. एकदा मी पाचशे कमी करा म्हणाले तर सर हसले, “ताई, उद्या तुम्हालाही विकायचंय.”

जुनं बघायला जाताना सरांना किंवा वाजवणाऱ्या कुणालातरी सोबत न्या. ते शक्य नसेल तर एवढं स्वतः बघा. घोडीच्या टोकाशी डोळा लावून मानेवरची बोटं ठेवायची पट्टी बघा, ती वाकडी नको. पेटी बोटांच्या पेरांनी कडेकडेनं हलकेच ठोकत फिरा, मध्येच फट्-फट् असा पोकळ आवाज आला तर तिथला सांधा सुटलाय. वरच्या फळीवर घोडीच्या उजव्या पायाखाली, म्हणजे बारीक तारेच्या बाजूला, उभी चीर असेल तर सोडून द्या, ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडेल. ओरखड्यांकडं बघू नका. झिलई उडालेलं व्हायोलिन म्हणजे कुणीतरी वाजवलेलं व्हायोलिन.

चौथा पर्याय, क्लासचंच वाद्य वापरायचं आणि घरी काही आणायचं नाही. पहिला महिना ठीक. पण आठवड्यात दोन तासांनी हात बसत नाही. सर वाद्य घरी न्यायला देत असतील तर मग त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

सतारीचं गणित वेगळंच. व्हायोलिनसारखी ठरलेल्या मापांची शिडी सतारीला नाही. मोठी सतार सुमारे चार फूट, खाली भोपळा, मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारांची रांग. सात वर्षांच्या लेकराच्या मांडीवर ती बसतच नाही, म्हणून बरेच गुरुजी थोडं थांबा म्हणतात किंवा लहान सतार करून घ्यायला सांगतात. ती मिरजेला सांगून करून घेता येते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. आणि आम्हा लातूरकरांना मिरज काही परकी नाही. २०१६ च्या दुष्काळात पाण्याची रेल्वे आम्हाला तिथूनच आली होती. सतार भाड्यानं घेऊ नका, असं मी सरळ सांगते. भोपळा एका धक्क्यात जातो, जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा घासून बसवलेला माथा, वाजवून झिजते आणि ती पुन्हा काढायला जाणता हात लागतो. भाड्याच्या वाद्याची जवारी कुणी वेळेवर काढून देत नाही. मग लेकरू वर्षभर मेलेल्या आवाजावर रियाज करतं. गुरुजींची जुनी सतार मिळाली तर घ्या, नाहीतर थांबा आणि करून घ्या. ती बदलायलाही लागत नाही, चांगली सतार पुढची पिढी वाजवते.

गिटारवर फार विचार करायची गरज नाही. आठ ते अकरा वर्षांपर्यंत पाऊण मापाची नायलॉनच्या तारांची, पुढं पूर्ण. दोनच खरेद्या, भाड्याची भानगड नको. फक्त खेळण्याच्या दुकानातली तीस इंची चमकदार गिटार टाळा. ती सुरात राहत नाही, आणि माझ्या धाकट्यानं ती लावता लावता सहा महिन्यांत गिटारच सोडली.

तर संभाजीनगरात असाल, लेकरू सहा-सात वर्षांचं असेल आणि गावातलं दुकान माप बदलून देत असेल, तर चार महिने भाड्यानं घ्या, तेवढ्यात कळतं. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव, बीड इथं असाल तर सरांना विचारून जुनं शोधा, दोन महिने थांबायला लागलं तरी. नवीन घ्यायचंच असेल तर ते पूर्ण मापाला घ्या, तेव्हा चांगलं घ्या. पाव आणि अर्ध्या मापावर हौस करू नका, दीड वर्षात ते दुसऱ्याच्या घरी जाणार असतं.

सासूबाईंना हे पटलंय असं नाही. परवा लेकीचं पाऊण माप खांद्यावर बघून म्हणाल्या, “आता तरी मोठं घ्या.” यंदा त्यांचं बरोबर आहे, तिच्या तळव्यात टोक आता आत शिरायला लागलंय. दिवाळीनंतर पूर्ण मापाचं घेऊ. पाऊण मापासाठी औशाची एक मुलगी आधीच सरांकडं नाव सांगून गेलीये.