दुसरा गिअर, दोन लिटर तेल आणि पंधरा महिने

मी रोज नागपुरात मनीषनगरहून कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे नोकरीला जाते. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातातली. गिअरबॉक्सचं तेल बदलून आता पंधरा महिने झाले आणि गाडी त्यावर एकोणीस हजार किलोमीटर चालली. सुरुवातीच्या आनंदात लिहायचं नाही, एक उन्हाळा, एक पावसाळा आणि दुसरा हिवाळा बघून मगच लिहायचं, असं ठरवलं होतं.

त्रास सुरू झाला डिसेंबर २०२३ मध्ये. सकाळी सातला गाडी काढायची, सोसायटीच्या फाटकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये यायचं आणि रस्त्याला लागून दुसरा टाकायला गेलं की दांडा अडायचा. घट्ट झालेल्या पिठल्यात पळी फिरवावी तसा. जोर लावला की जायचा, पण खटकन. वर्धा रोडला लागून अजनी चौक येईपर्यंत गाडी तापायची आणि दांडा बराच मोकळा व्हायचा. तरी तिसऱ्यावरून दुसऱ्यात घाईने उतरवलं की ‘कर्र’ असा आवाज यायचाच. ज्यांनी तो ऐकलाय, त्यांना माहीत आहे की तो कानात नाही, पोटात जातो.

आधी संशय क्लचवर गेला. पण क्लच नीट सुटत नसेल तर उभ्या गाडीत रिव्हर्स टाकतानाही दाते वाजतात आणि त्रास सगळ्याच गिअरना होतो. माझ्या गाडीत रिव्हर्स शांतपणे पडत होता, चौथा-पाचवाही. बोंब होती ती पहिल्या-दुसऱ्याची, आणि तीही थंडीत जास्त. मग आठवलं, ऑगस्टमधल्या सर्व्हिसिंगमध्ये गिअर ऑइल बदललं होतं. बिल काढून बघितलं तर त्यावर फक्त ‘गिअर ऑइल ८०डब्ल्यू-९०’, म्हणजे नुसती तेलाची जाडी. फोन करून विचारलं तेव्हा कळलं की ते जीएल-५ आहे (जीएलचा आकडा म्हणजे तेल कोणत्या कामाचं ते सांगणारा वर्ग), आणि वरून “मॅडम, जीएल-४ पेक्षा वरचंच टाकलं ना” हेही ऐकवलं गेलं. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात आठ वर्षं पडून होतं. त्यात स्पष्ट छापलेलं होतं: ७५डब्ल्यू-८०, जीएल-४. ते पान मी आधी उघडलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

जीएल-५ हे जीएल-४ च्या वरचं नाही, वेगळ्या कामाचं आहे. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

गिअरबॉक्समध्ये पुढे जायच्या प्रत्येक गिअरला सहसा एक पितळी कडं असतं, त्याला सिंक्रो रिंग म्हणतात. आपण दांडा ढकलतो तेव्हा हे कडं गिअरच्या निमुळत्या भागावर जाऊन घासतं. त्या घासण्यानेच दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एका वेगावर येतात, आणि मग दाते एकमेकांत गुपचूप बसतात. म्हणजे या कड्याला घर्षण हवं असतं. त्याच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, ते तेलाचा थर कापून बाजूला सारतात. तेल गरजेपेक्षा जाड असेल तर थर वेळेत कापला जात नाही. तेल फार निसरडं असेल तर कडं नुसतं घसरत राहतं. दोन्ही वेळी वेग जुळायच्या आधीच दाते भिडतात आणि तो आवाज येतो.

जीएल-५ तेल बनलंय मागच्या चाकांच्या डिफरन्शियलसाठी, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटणाऱ्या भागासाठी. तिथले हायपॉइड गिअर एकमेकांवर गोल फिरता फिरता आडवे घासत जातात, धातूवर दाब प्रचंड येतो. म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती धातूवर एक संरक्षक थर चढवतात, आणि डिफरन्शियलला तेच हवं असतं. माझ्या हॅचबॅकमध्ये इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात, आणि हायपॉइड गिअरच नाहीत. ती जास्तीची ताकद माझ्या गाडीच्या काही कामाची नाही, उलट पितळी कड्याच्या कामात आड येते.

जीएल-५ पितळ खाऊन टाकतं, असंही सरसकट सांगितलं जातं. तेवढं घाबरायचं कारण नाही. गंधक कोणत्या स्वरूपातला आहे त्यावर ते अवलंबून असतं, आणि जीएल-४, जीएल-५ दोन्ही छापलेली तेलंही मिळतात. माझ्या मते रोज जाणवणारा त्रास घर्षणाचा आणि जाडीचा असतो, झिजेचा हिशेब नंतर येतो.

जाडीवर मात्र नागपुरात प्रत्येकाचं एक मत आहे. “आपल्याकडे ४५ डिग्री तापते, पातळ तेल टाकलं तर पाणी होईल,” हे मला तीन जणांनी सांगितलं, त्यातले दोन माझ्या ऑफिसचे. मलाही पटत होतं. पण गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे एका मापाचे नाहीत. गिअर ऑइलचा ८० ग्रेड (७५डब्ल्यू-८० मधला दुसरा आकडा) म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ८.५ ते ११ सेंटीस्टोक (हे जाडीचं माप; २०१९ पूर्वी ७ ते ११ होतं), आणि ९० ग्रेड म्हणजे १३.५ ते १८.५. इंजिन ऑइलच्या भाषेत पहिलं साधारण २० किंवा ३० च्या जवळ बसतं आणि दुसरं ४०-५० च्या. म्हणजे ‘८०’ वाचून जे डोळ्यांपुढे येतं त्यापेक्षा ते कितीतरी पातळ असतं, आणि बनवणाऱ्यांनी गिअरबॉक्सच्या फटी त्याच हिशेबाने ठेवलेल्या असतात. जाडी १०० अंशांना मोजलेली आहे. आपल्या मे महिन्याच्या दुपारपेक्षा ते खूप वरचं तापमान आहे. नवतपाला, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांना, घाबरून दीडपट जाड तेल टाकायचं, आणि मग पारा दहाच्या खाली गेलेल्या जानेवारीच्या सकाळी दांड्याशी झटायचं, हे मला पटेनासं झालं.

तेल मी गणेशपेठेतल्या एका दुकानातून घेतलं, गाडीच्या कंपनीच्याच नावाचं, ७५डब्ल्यू-८० जीएल-४, एक-एक लिटरचे तीन डबे. लागलं दोन लिटर आणि वर थोडं. मजुरी धरून खर्च दोन हजारांच्या आत बसला.

तो दिवस नीट लक्षात आहे. घराजवळचे मेकॅनिक भाऊ वयाने माझ्याहून बरेच मोठे. गाडी खड्ड्यावर घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं, “ताई, गाडी किती चालवून आणली?” मी म्हटलं, घरून आले, दोन किलोमीटर. तर त्यांनी मला परत पाठवलं. “बुटीबोरीकडं दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. थंड्या गाडीतून तेल पुरं निघत नसते. खालचा गाळ खालीच राहून जाईन.”

परत आले. तेल सोडायचा बोल्ट खाली होता, पण त्यांनी पाना लावला तो बाजूच्या वरच्या बोल्टला, जिथून तेल भरतात. तो कटकन सुटल्यावरच ते खाली वळले. मी विचारलं, हा आधी का? “हा जाम असला अन् खालून तेल काढून टाकलं, तं भरसान कुठून? गाडी इथंच पडून राहीन.” ही एक गोष्ट, घरी स्वतः तेल बदलणाऱ्यांनी काळजावर कोरून ठेवावी.

तेल बाहेर आलं तेव्हा आधी वास आला, कांदा सडल्यासारखा उग्र. तो गंधकाचा वास, गिअर ऑइलला थोडाफार असतोच, याला जास्तच होता. रंग काळपट मधासारखा. भाऊंनी ट्रेमधलं तेल दोन बोटांवर घेतलं आणि उन्हात तिरपं धरलं. त्यात सोनेरी कण चमकत होते, रांगोळीत मिसळायच्या चमकीसारखे, फक्त त्याहून कितीतरी बारीक. “हे पितळ हाये. कड्याचं.” खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक होता, त्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा चिकटलेला. तो बघून मी घाबरले, पण लोखंडाची अशी बारीक पूड प्रत्येक गिअरबॉक्समध्ये जमते. बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर चिंता करायची. लगद्यात तुकडा नव्हता. चिंतेचं ते सोनेरी होतं, कारण पितळ चुंबकाला धरत नाही, ते तेलातच फिरत राहतं.

वीस-पंचवीस मिनिटं थेंब-थेंब निथळू दिलं. चुंबक फडक्याने पुसला, दोन्ही बोल्टांना नवे वायसर टाकले. जुना वायसर चेपलेला असतो, तो परत लावला की महिन्याभरात पाझर सुरू होतो. मग वरच्या भोकातून नळी घालून नरसाळ्याने तेल भरलं. माप लिटरवर नाही, पातळीवर: गाडी सपाट उभी असताना तेल भोकाच्या खालच्या काठाशी येऊन बाहेर ओघळायला लागलं की पुरे. जुनं तेल त्यांनी वेगळ्या ड्रममध्ये टाकलं, नालीत नाही. त्यासाठी मी त्यांना मुद्दाम धन्यवाद दिले.

पहिल्याच दिवशी जादू झाली नाही. दांडा हलका झाला, पण ‘कर्र’ तसाच होता. चार-पाचशे किलोमीटरनंतर, म्हणजे दोन आठवड्यांनी, सकाळचा अडणारा दुसरा गिअर सुटला. हा बदल मी स्वतःच्या मनाचा खेळ समजत होते. मग एके दिवशी नवऱ्याने गाडी नेली आणि विचारलं, क्लच बदलला का म्हणून.

एप्रिल-मेमध्ये खरी परीक्षा होती. शिर्डीला समृद्धी महामार्गाने गेलो, दुपारची वेळ, एसी चालू, गाडी शंभरच्या आसपास तासन् तास. पोहोचल्यावर गिअर जितके मऊ सकाळी पडत होते तितकेच मऊ. एक फरक मात्र नोंदवते: कडक उन्हात सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभं राहिलं की गिअरबॉक्सची हलकी घरघर आधीपेक्षा थोडी जास्त ऐकू येते. क्लच दाबला की थांबते. पातळ तेलात तेवढं होतं, जाड तेल आवाज दाबतं. भाऊ ऐकून काही नाही म्हणाले, आणि पंधरा महिन्यांत ती वाढलेली नाही. ज्यांना शांतता फार प्रिय आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मायलेजमध्ये मला फरक सापडला नाही. कोणी सांगत असेल की गिअर ऑइलने दोन किलोमीटर वाढले, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कामठी रोडचा डबल डेकर उड्डाणपूल सुरू झाला आणि माझा अनुभव मलाच तपासून घ्यावा लागला. आधी एलआयसी चौकापासून पुढे बांधकामातून पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत जायचं. आता वरून चौथ्यात सरळ. गाडी सुधारली की रस्ता, हे कळेना. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्यातून दोनदा मुद्दाम खालून, इंदोरा चौकाच्या गर्दीतून गेले. थंडीतही दुसरा गिअर नीट पडला. जानेवारीत चिखलदऱ्याला गेलो, घाट चढताना वळणावर तिसऱ्यावरून दुसऱ्यात उतरावं लागतं. वीस-पंचवीस वळणांत एकदा, मी फार घाई केली तेव्हा, तो जुना आवाज आला. तो पूर्ण जाणार नाही, हे मी मान्य केलंय. झिजलेलं पितळ कोणतंही तेल परत आणत नाही. पाच महिने चुकीचं तेल होतं म्हणूनच कडं झिजलं, असंही मी छातीठोक म्हणणार नाही. आठ वर्षांची झीज त्यात आहेच.

एक वेगळी आठवण इथे लिहून ठेवते, कारण ती नागपूरकरांच्या कामाची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझ्या दिरांची गाडी अर्ध्या चाकाच्या वर पाण्यात उभी होती. इंजिन ऑइल बदललं, ब्रेक साफ केले, सीट वाळवल्या. गिअरबॉक्स कोणाच्याच लक्षात आला नाही. त्याला हवा जायला एक छोटी वाट असते, पेटी पाण्यात बुडाली की तिथून पाणी आत जाऊ शकतं. महिन्याने तेल काढलं तर ते दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं निघालं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर गिअर ऑइल एकदा नुसतं उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि माझा ग्रेड बघून तोच आणू नका. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल वेगळं असतं, तिथलं तेलही वेगळं. काही कंपन्या स्वतःचंच खास तेल सांगतात, होंडाचं एमटीएफ तसं आहे. काही मॅन्युअल गिअरबॉक्स जीएल-५ सुद्धा मागतात. पुस्तकात जे छापलंय तेच.

यापुढे मी चाळीस हजार किलोमीटरला बदलणार आहे. भाऊंनी त्या दिवशी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने लिहून दिलंय: ‘गिअर ७५डब्ल्यू-८०, जीएल-४, ७८,२०० किमी’. गेल्या महिन्यात दुसरीकडे सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मी बॉनेट उघडून त्या मुलाला आधी ते वाचायला लावलं, मोठ्याने.