घरी बनवलेला कॅमेरा स्टॅबिलायझर, आठ महिने वापरल्यानंतर

चालता चालता व्हिडिओ काढताना कॅमेरा हलू नये म्हणून हातात धरायचा सांगाडा म्हणजे स्टॅबिलायझर. आठ महिने झाले घरी बनवलेला हा स्टॅबिलायझर वापरतोय, आता लिहितो. बनवला त्याच आठवड्यात लिहिणार होतो पण बरं झालं थांबलो, कारण तेव्हा मी सगळ्यांना जे सांगत सुटलो होतो की खाली भरपूर वजन लावा, जितकं वजन तितकं फुटेज स्थिर, ते चूक निघालं.

आधी सगळ्यात सोपा प्रकार केला होता. अर्धा इंची जीआय पाइपचे तीन तुकडे, एक टी (तीन तोंडांचा जोड), दोन एण्ड कॅप (टोकाची झाकणं), वरच्या कॅपला मधोमध भोक पाडून बोल्ट वर काढायचा, त्यावर कॅमेरा, खाली लोखंडी चकती आणि तिसरा पाइप बाजूला धरायला. तासाभरात होतो. इथं बोल्टचं एक सांगून ठेवतो. कॅमेऱ्याच्या बुडाचे आटे पाव इंची असतात, इंचाला २० आटे. घरात पडलेला ६ मिमीचा बोल्ट बघायला तसाच दिसतो, एकदोन फेरे आतही जातो आणि मग अडकतो, तिथं पाना लावून जोर केलात तर कॅमेऱ्याचे आटे गेलेच म्हणून समजा. बोल्ट पाव इंचीच घ्या, आणि लांबी मोजून घ्या, कॅमेऱ्याच्या आत ५ मिमीच्या आसपास जाईल एवढाच बाहेर ठेवा.

तो पाइपवाला दोन महिने वापरला. हाताची बारीक थरथर जाते, पण मनगट वाकडं झालं की क्षितिज वाकडं होतंच, कारण हात आणि कॅमेरा एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत, मधे मोकळा सांधा नाही. म्हणून मग दुसरा केला, जो आजतागायत वापरतोय. यात हँडलच्या डोक्यात ६०८ नंबरचं बेअरिंग बसवलंय, स्केटच्या चाकात असतं ते, ८ मिमी भोक आणि बाहेरून २२ मिमी. बेअरिंगमधून आलेल्या दांड्यावर रिमोटच्या गाडीचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे सगळ्या बाजूंना झुकणारा सांधा, त्यावर कॅमेऱ्याची प्लेट, आणि प्लेटच्या पुढच्या कडेपासून खाली वळवलेली सी आकाराची ॲल्युमिनियमची पट्टी जिच्या टोकाला वजनं. बेअरिंग नवं असतं तेव्हा आतल्या घट्ट ग्रीसमुळं जड फिरतं आणि तुम्ही वळलात की कॅमेराही ओढला जातो. मी सुईनं रबरी सील काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, वाळवून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला. टिचकी मारली की फिरतच राहतं. सील नसल्यामुळं धूळ बसते, दोनेक महिन्यांनी परत धुवावं लागतं, पण तेवढं चालतं.

आता वजनाचं, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. पहिल्या दिवशी मी खाली पाच चकत्या लावल्या. उभं राहिलो तर कॅमेरा ताठ, बघून वाटलं काय मस्त, आणि चालायला लागलो तर प्रत्येक पावलाला पुढे-मागे झोका, थांबलो की पुढचे चार-पाच झोके रेकॉर्ड होतायत. म्हणजे मी घड्याळाचा लंबक बनवून ठेवला होता! गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या सांगाड्याचा तोल जिथं साधतो तो बिंदू, सांध्याच्या फार खाली गेला की असंच होणार. तो सांध्याच्या किंचितच खाली पाहिजे. हे मोजायची पद्धत सोपी आहे, हँडल हातात ठेवून वरचा सांगाडा आडवा करायचा, सोडायचा, आणि आडव्यापासून उभा व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. माझा एका सेकंदाच्या आत धाडकन खाली यायचा. चकत्या एकेक करत काढल्या, शेवटी तीन चकत्या आणि दोन वॉशर एवढ्यावर दोन-सव्वादोन सेकंद लागायला लागले आणि त्या दिवशी पहिल्यांदा जिन्याचं फुटेज असं आलं की दोनदा बघितलं.

मग वजन कमी करून स्थिरता येते कुठून, तर अंतरामुळं. वजन सांध्यापासून दुप्पट लांब नेलं की जडत्व, म्हणजे फिरायला होणारा विरोध, चौपट होतं, म्हणून थोडंच वजन पण लांब. गॅरेट ब्राउननं १९७० च्या दशकात स्टेडीकॅम हा सिनेमावाल्यांचा स्टॅबिलायझर केला त्यातही हेच आहे, कॅमेरा एका टोकाला आणि बॅटरी-मॉनिटर दुसऱ्या टोकाला पसरलेले, आणि सांधा गुरुत्वमध्याजवळ. ते कळल्यावर मी पट्टी चार बोटं वाढवली आणि आणखी एक चकती काढता आली, म्हणजे हातावरचा भारही उतरला.

सॉफ्टवेअरनं स्थिर करता येतंच की, असं बरेच जण म्हणतात. येतं, पण कडा कापल्या जातात, आणि शटर १/५० (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं) असेल तर हलल्यामुळं फ्रेममधे आलेला फराटा तसाच राहतो, चित्र स्थिर पण मधेच क्षणभर पुसट, ते मला फार खुपतं. कॅमेरा मुळातच हलला नाही तर फराटाच येत नाही. मोटरवाला गिंबल (मोटरनं कॅमेरा आपोआप सरळ ठेवणारं हँडल) तिरपेपणा माझ्यापेक्षा नक्कीच चांगला सांभाळतो, त्यात वाद नाही, पण पावलागणिक होणारं वर-खाली तोही काढत नाही, ते गुडघे थोडे वाकवून टाच-मग-बोटं असं चालूनच जातं. मला ते जमायला महिना लागला, आणि ते जमल्याशिवाय कुठल्याही स्टॅबिलायझरला नावं ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

त्रास आहेतच. वारा असला की बाहेर नको, कॅमेरा शिडासारखा वळतो. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि एक बोट सांध्याच्या अगदी जवळ हलकं टेकवून दिशा धरता येते, पण जोराच्या वाऱ्यात तेही पुरत नाही. लेन्स बदलली, झूम केलं, नुसता स्क्रीन उघडला तरी तोल जातो, म्हणून प्लेटवर प्रत्येक लेन्सची जागा मार्करनं आखून ठेवलीय. गळ्यातला पट्टा काढूनच लावायचा, लोंबता राहिला तर तोच झोके देतो. नट सैल होतात, चौथ्या महिन्यात एकदा चालता चालता चकती निसटून पायाजवळ पडली, तेव्हापासून सगळीकडे डबल नट. आणि मनगट, दहा मिनिटांच्या वर सलग धरवत नाही, सगळं मिळून दीड किलोच्या वर जातं.

सध्या हँडल थोडं जाड करून त्यावर सायकलची फोमची ग्रिप चढवलीय, कालच. मनगटाला किती फरक पडतो ते अजून बघायचंय.