रंग फासलेले एअर प्लांट ‘दुर्मीळ जात’ म्हणून विकले जात आहेत

टिलँडसिया आयोनँथा ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, मुठीत मावेल एवढी ब्रोमेलियाड कुळातली वनस्पती आपल्याकडे ‘एअर प्लांट’ म्हणून विकली जाते. फुलावर येताना तिची आतली पाने लालबुंद होतात आणि त्यांतून जांभळी, नळीसारखी फुले डोकावतात. मला मात्र एका ऑनलाइन विक्रेत्याने तिच्या ‘दुर्मीळ निळ्या व सोनेरी जाती, रंग बारमाही’ असे सांगून जी रोपे साडेतीनशे रुपयांना एक या दराने दिली, ती साध्या हिरव्या रोपांवर स्प्रेने रंग मारून तयार केलेली होती.

रोप भिजवले तरी पाण्याला रंग सुटत नव्हता. पुढे मधोमध नवी पाने फुटली ती साधी हिरवी निघाली, आणि निळ्या पानावर नख फिरवताच रंगाचा पातळ पापुद्रा निघून आला. बुडाशी चिकटवलेले शेवाळ बाजूला केले, तर खाली ग्लू गनच्या गोंदाचा गोळा होता. एका रोपाची मधली पाने हलकेच ओढल्यावर हातातच आली. त्यांची बुडे तपकिरी पडून कुजली होती.

या वनस्पतीची मुळे मुख्यतः आधाराला धरून राहण्यापुरती असतात. पाणी आणि क्षार ती पानांवरच्या सूक्ष्म, रुपेरी खवल्यांतून शोषते, त्यामुळे पानावर रंगाचा थर देणे म्हणजे तिचे तोंडच बंद करणे होय, आणि ती सुकत असल्याचे त्या थराखाली आपल्याला दिसतही नाही. एका जिवंत रोपाशी असे वागणे मला पैशांच्या फसवणुकीपेक्षाही अधिक संतापजनक वाटते.

‘बारमाही रंग’ हा दावाही खोटाच आहे, कारण प्रत्येक रोप एकदाच फुलते, फुलोऱ्यानंतर लाली ओसरते आणि बुडाशी पिल्ले देऊन मूळ रोप हळूहळू संपते. खरी लाली मध्याकडे गडद आणि बाहेर फिकट होत जाते. टोकापासून बुडापर्यंत सारखाच चकचकीत रंग असेल, पानांच्या बेचक्यांत मात्र करडा-हिरवा भाग उरला असेल, तर ते रोप घेऊ नये. शेवाळ काढून, दिवसाउजेडी घेतलेले बुडाचे छायाचित्र आधी मागावे.

‘जिवंत रोपे परत घेतली जात नाहीत’ असे उत्तर विक्रेत्याने दिले, पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच व एका महिन्यात निवारण देणे बंधनकारक आहे. पापुद्रा निघतानाची छायाचित्रे जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर माझे पैसे परत आले, परंतु निळी आणि सोनेरी रोपे त्याच वर्णनासह त्या विक्रेत्याकडे अजूनही विक्रीला आहेत.