एकशे सहा टक्क्यांचं कॅट फूड आणि माझे ९,६४० रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. बोक्याच्या ‘आरोग्यदायी’ खाण्यापायी माझे ९,६४० रुपये गेले. त्यातले ७,०९० विक्रेत्याच्या खिशात: नऊ किलो ‘ग्रेन-फ्री, ह्यूमन-ग्रेड’ (म्हणे धान्य नसलेलं, माणसाने खावं अशा दर्जाचं) ड्राय फूड ६४९ रुपये किलोने ५,८४१, ‘पेट न्यूट्रिशनिस्ट’चा सल्ला ४९९ आणि हवाबंद डब्याची परत मिळणारी अनामत ७५०. बाकीचे २,५५० डॉक्टरांकडे: तपासणी ६००, रक्त १,२५०, सलाईन आणि इंजेक्शनं ७००. नऊ किलोंपैकी तीन किलो माल आला. डबा आलाच नाही.

पद्धत तुम्हाला ठाऊक असलेलीच. रील, रीलखाली गुबगुबीत मांजरांचे आधीचे-नंतरचे फोटो, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग ‘ताई, सहा महिन्यांचं घेतलंत तरच हा भाव’. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा नाव ब्रँडचं आलं नाही, कुणा माणसाचं आलं. ‘अकाउंट वडिलांच्या नावावर आहे’ विक्रेता म्हणाला. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं ते नाव वाचा आणि ब्रँडशी जुळत नसेल तर तिथेच थांबा.

मी अडाणी नाही. म्हणूनच जास्त लागलंय. लेबल वाचता येतं मला, आणि हा माणूस लेबल वाचणाऱ्यांसाठीच जाळं टाकून बसला होता. व्हॉइस नोटमध्ये टॉरिन या पोषकघटकाबद्दल बोलला, आणि बिनचूक बोलला: मांजराचं शरीर ते पुरेसं बनवत नाही, मांसातूनच यावं लागतं, कमी पडलं तर डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू जातो. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयविकाराचा आणि टॉरिनचा संबंध दाखवला आणि मग कंपन्यांनी प्रमाण वाढवलं, हेही त्यानेच सांगितलं. खोटं विकणारा माणूस इतकं खरं बोलेल असं वाटलं नाही. आणि पर्याय तरी काय होते? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं, बोका ६.२ किलोचा. पेट शॉपमध्ये मोठ्या पोत्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत किलोवर विकतात ते सुटं खाणं मी घेत नाही. बॅच नाही, तारीख नाही आणि पोतं उघडल्या दिवसापासून त्यातली चरबी हवेने खवट होत असते. तुम्हीही घेऊ नका.

आता तो क्षण. चंदेरी पाऊच ओट्यावर ठेवला, चष्मा लावला आणि लेबल वाचलं. प्रथिनं ४८ टक्के, स्निग्ध पदार्थ २२, तंतू ५, ओलावा १०, राख (म्हणजे खनिजं) ९, कर्बोदकं १२. मी ४८ वर खूश झाले. मोठ्या कंपन्यांच्या ब्रँडचं ३२ असतं, इथे ४८! भाजीवाल्याचा हिशेब मी तोंडी तपासते, दोन रुपये इकडचे तिकडे झाले तर बोलते. आणि हे सहा आकडे एकाखाली एक छापलेले असताना बेरीज केली नाही.

करा बेरीज. १०६.

तंतू कर्बोदकांतच धरले असं त्याच्या बाजूने मानलं तरी १०१. किलोभर पाऊचमध्ये १०६ टक्के ऐवज बसवणारा तो माणूस, आणि मी त्याला धन्यवादाचा अंगठा पाठवला.

खऱ्या लेबलवर सहसा नुसती टक्केवारी नसते. प्रथिनं आणि स्निग्ध ‘किमान’ इतके, तंतू, ओलावा आणि राख ‘कमाल’ इतके, असं लिहिलेलं असतं. कर्बोदकं बहुतेक कंपन्या छापतच नाहीत, ती आपण काढायची: १०० मधून बाकी सगळं वजा करायचं. प्रथिनं ३२, स्निग्ध १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८ असेल तर उरले ३६. हे ३६ पाहून नाक मुरडू नका, कारण दाणा फुगून घट्ट राहायला काहीतरी पिष्ट (स्टार्च) लागतंच. ग्रेन-फ्री म्हणजे पिष्टाविना नव्हे. तांदूळ-मक्याच्या जागी वाटाणा, बटाटा नाहीतर टॅपिओका येतो, एवढंच. आणि ओल्या खाण्याच्या पाऊचवर ९ टक्के प्रथिनं वाचून घाबरू नका. त्यात ८२ टक्के पाणी असतं, उरलेल्या १८ मधले ९ म्हणजे कोरड्या हिशेबाने ५० टक्के. ड्राय फूडचे ३२ त्याच हिशेबाने साडेपस्तीस. हे गणित मला येतं. एक साधी बेरीज तेवढी आली नाही.

भावातही कळायला हवं होतं. त्याचा दावा ‘फक्त ताजं बोनलेस चिकन’. बोनलेसमध्ये प्रथिनं साधारण २२-२३ टक्के. किलोभर खाण्यात ४८० ग्रॅम प्रथिनं घालायची तर दोन किलोंहून जास्त बोनलेस लागेल. आमच्याकडे ते तीनशेच्या खाली सहसा मिळत नाही. म्हणजे नुसत्या मांसाचेच सहाशेच्या वर झाले. मग वाळवणं, पॅकिंग, कुरिअर, रीलची जाहिरात आणि त्याचा नफा उरलेल्या वीस-पंचवीस रुपयांत? धर्मादाय दवाखाना उघडला होता का त्याने?

जाता जाता: घटकांच्या यादीत पहिलं ‘ताजं चिकन’ दिसलं म्हणून भाळू नका. यादी शिजवण्याआधीच्या वजनावर असते आणि ताज्या चिकनमध्ये पाऊण भाग पाणीच असतं. त्याखाली मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचं पीठ असे तीन तुकडे केलेले असतील, तर ते एकत्र करून बघा पहिला नंबर कुणाचा येतो. आणि पाकिटावर ‘कम्प्लिट अँड बॅलन्स्ड’ आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’, ते वाचा. दुसरं असेल तर तो खाऊ झाला, जेवण नव्हे. चाटायच्या क्रीमच्या ट्यूब आणि बरेचसे स्वस्त पाऊच यातच मोडतात.

पण पैशांपेक्षा मला राग आहे तो ४९९ रुपयांच्या सल्ल्याचा. ‘जुनं खाणं आजच बंद, शरीर डिटॉक्स होऊ द्या, दिवसाला ३० ग्रॅम, खाल्लं नाही तर नाही, भूक लागली की खाईल. महिन्यात एक किलो उतरेल.’ कुत्र्याला हे कदाचित चालून जाईल. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात येऊन साचते आणि यकृतच बंद पडायला लागतं. मग नळीने भरवायचं, आठवडेच्या आठवडे. हिशेबही चुकीचाच. पाच किलो हे योग्य वजन धरलं तर बसल्याजागी लागणारी ऊर्जा साधारण २३५ किलोकॅलरी, वजन उतरवायला तिच्या ८० टक्के, म्हणजे १८५ ते १९०. ३० ग्रॅम ड्राय फूडमध्ये जेमतेम ११० मिळतात. वजन आठवड्याला एका टक्क्याच्या आसपासच उतरावं, म्हणजे ६.२ किलोच्या बोक्याचं साठ-सत्तर ग्रॅम, महिन्याला पाव किलो. महिन्यात किलो उतरवून देतो म्हणणारा मांजर मारायला निघालाय असं समजा.

खाणं बदलायचं ते सात ते दहा दिवसांत: आधी पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. जुलाब झाले तर एक पायरी मागे. चोवीस तास तोंडच लावलं नाही तर नवं बाजूला ठेवायचं आणि जुनं द्यायचं, ओलं खाणं असेल तर किंचित कोमट करून. बोका लघवीला बसतोय पण होत नाहीये असं दिसलं तर खाण्याबिण्याचा विचार सोडा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. नर मांजराची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

आमच्याकडे दुसऱ्या रात्रीपर्यंत वाटी भरलेलीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं, यकृताचा एक आकडा वर सरकलेला. वेळेत गेलो म्हणून २,५५० वर भागलं.

मग पाऊच तपासला. आधी तपासायला हवा होता, माहीत आहे. तारखेच्या स्टिकरला बोटाला लागेल एवढी जाडी होती. केस वाळवायचा ड्रायर अर्धा मिनिट धरला तर वरचा कागद अलगद निघाला आणि खाली दुसरी तारीख, पाच महिन्यांपूर्वी संपलेली. आतले दाणे तीन रंगांचे, लाल, हिरवे आणि तपकिरी, काही माशाच्या आकाराचे, काही चांदणीच्या. रंग मांजरासाठी नसतो, मालकासाठी असतो. लाल दाणे वाटीभर पाण्यात टाकले, दहा मिनिटांत पाणी सरबतासारखं. नाकाशी नेलं तर आठवडाभर ठेवलेल्या तळणीच्या तेलाचा वास. एक दाणा भिजवून चुरडला आणि त्यावर जखमेला लावायचं आयोडीन टाकलं, तर काळानिळा डाग पडला. आयोडीनने धान्य कळत नाही, पिष्ट कळतं. बटाट्यानेही तसाच डाग पडतो. पण याच्या यादीत चिकन, अंडं, लाल भोपळा आणि जवस एवढंच होतं. त्यातल्या कशाने इतका गडद डाग पडेल?

पाकिटावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापलेला होता. मला तेव्हा तो भरवशाचा वाटला. खरं म्हणजे तो बघूनच संशय यायला हवा होता. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे, त्यामुळे मांजराच्या खाण्याला तो परवाना लागतच नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक तेरा अक्षरांचा होता. तो पंधरा अक्षरांचाच असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, एक मिनिट लागतं.

आता ऐका सरकारदरबारची वरात.

अन्नाशी संबंधित एका कार्यालयात गेले. ‘प्राण्यांचं खाद्य आमच्याकडे नाही.’ बरं, कायद्याने बरोबर आहे. मग ते कुणाकडे? ‘जनावरांच्या खात्यात विचारा.’ तिथे विचारलं. तिथले साहेब गाई-म्हशींच्या पेंडीबद्दल अर्धा तास बोलले, मांजर म्हटल्यावर ‘हा शहरी प्रकार आहे’ म्हणाले. पोलीस ठाण्यात हवालदाराने रक्कम दोनदा विचारली. ‘सात हजार? मांजराच्या खाण्याचे?’ मग मागे वळून दुसऱ्याला सांगितलं आणि दोघे हसले. ‘ताई, बांगडा घालायचा ना त्याला!’ अर्ज घेतला, पोच देताना शिक्का सापडेना. चार दिवसांनी शिक्का सापडला, तर अर्ज सापडेना. बँकेत सांगितलं, तुम्ही स्वतः पिन टाकलाय, आम्ही काय करणार. वजन-मापांच्या कार्यालयात मात्र एका बाईंनी पाऊच हातात घेऊन नीट पाहिला, मन लावून वाचला, आणि म्हणाल्या, दुकानाचा पत्ता आणा. पत्ता पाकिटावर होता. मी तिथे आधीच जाऊन आले होते. बंद गाळा, शेजारी झेरॉक्सवाला. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, ‘मग दुकानच नाही, तर तपासणी कशाची?’ माल खोटा, तारीख खोटी, पत्ता खोटा, आणि सगळंच खोटं असल्यामुळे कारवाई करता येत नाही! एखादी गोष्ट खरी ठेवली असती तर बिचारा अडकला असता.

(बांगड्याचं म्हणाल तर, कच्चा मासा रोज घातला तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, नुसतं बोनलेस घातलं तर कॅल्शियम. हवालदारसाहेबांना सांगणार होते, ते जेवायला गेले.)

तुमचे पैसे गेले तर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी. मी अकरा दिवस लाजेत घालवले, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून. लोक म्हणालेच. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पण समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो, म्हणून पाकीट, कुरिअरचं कव्हर, चॅट, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट यातलं काही टाकू नका. वेष्टनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर असलाच पाहिजे. माल परदेशी असेल तर आयातदार आणि मूळ देशही. यातलं एक जरी नसलं तरी पाऊच परत. एका मांजराला दीड किलोचं पाकीट जवळजवळ महिनाभर पुरतं, त्याहून मोठं घेऊ नका आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ तर कुणालाच देऊ नका. खाणं मूळ पाकिटातच ठेवा, तोंड आवळून. नुसतं डब्यात ओतलंत तर बॅच नंबर कचऱ्यात जातो.

एक चूक मात्र खास माझी. ब्लॉक होण्याआधी रागाच्या भरात मी त्याला लांबलचक मेसेज टाकला. कुठे कुठे पकडला गेलास ते मुद्देसूद: १०६ ची बेरीज, किमान-कमाल नाही, तारखेचं जाड स्टिकर, तेरा अक्षरांचा क्रमांक. दोन निळ्या टिका आल्या.

मागच्या आठवड्यात तेच फोटो नव्या नावाने दिसले. भाव आता ६९९. पाकिटावर ‘किमान’ आणि ‘कमाल’ आलंय, परवाना क्रमांक गेलाय, बिलाच्या नमुन्यात २७ ने सुरू होणारी पंधरा अक्षरं आहेत. लेबलचा फोटो मोठा करून मी बेरीज केली. बरोबर ९८ आली.