इटालियन फोतोबुस्ता फ्रेम करायचीय? बडोद्यात रावपुऱ्यात द्या

जुन्या इटालियन विनोदी सिनेमांचे कागद जमवणारे बडोद्यात आम्ही मोजकेच, पण जे आहेत त्यांनी हे जरूर वाचा.

माझ्याकडे १९६२च्या 'इल सोर्पासो' या सिनेमाची फोतोबुस्ता आहे. म्हणजे सिनेमातल्या प्रसंगाचा फोटो असलेला, थिएटरात लावायला छापलेला, साधारण ५० बाय ७० सेंटिमीटरचा कागद. सिनेमा उतरला की त्याचं काम संपायचं, त्यामुळे धड राहिलेली प्रत हाती लागली की जीव हरखतो. माझ्या प्रतीत लान्चा ऑरेलिया गाडीच्या स्टिअरिंगवर व्हित्तोरियो गास्मान, शेजारी अवघडलेला जाँ-लुई त्रँतिन्याँ. एक बोलघेवडा, बेफिकीर. दुसरा ऐन पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत, ओस पडलेल्या रोममध्ये कायद्याची पुस्तकं घेऊन बसलेला आणि त्याच्या नादाला लागून निघालेला. दिग्दर्शक दिनो रीसी हसवत हसवत माणसाला कुठे नेऊन सोडतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा एक फोटो पुरतो.

बाजारात बहुतेक ठिकाणी असा कागद सरळ प्लायवर चिकटवतात. चिकटवला की संग्राहकाच्या लेखी तो गेलाच. रावपुऱ्यातल्या या फ्रेमवाल्या काकांकडे फाइन आर्ट्सच्या पोरांची कामं येतात, त्यामुळे त्यांना समजावत बसावं लागलं नाही. फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, त्याही गव्हाच्या खळीने लावलेल्या. उद्या काढायच्या तर ओल्या बोटाने सुटतील. बोर्ड अ‍ॅसिड-फ्री. मधल्या घडीवर गरम प्रेस फिरवायला त्यांनी स्वतःहूनच नकार दिला.

मला सगळ्यात आवडलं ते माउंटचं, म्हणजे कागदाभोवतीच्या बोर्डाचं, कटिंग. त्यातली मोकळी खिडकी कागदापेक्षा बोटभर मोठी ठेवली, म्हणून चारही कडा दिसतात, खालचं छापखान्याचं बारीक नावही. ते झाकून चालत नाही. सिनेमा पुन्हा लागला तेव्हा छापलेल्या प्रतीही बाजारात फिरतात, त्यांना मोल कमी, आणि ओळख पटवायला हीच कड कामाला येते. काच कागदाला टेकत नाही, म्हणजे पावसाळ्यात चिकटायची भीती नाही.

तक्रार एकच: सांगितलेल्या तारखेला काम मिळालं नाही, फोनही मीच करत राहिलो. साधी काच चमकते, घराच्या खिडकीसमोर लावणार असाल तर नॉन-ग्लेअर मागा. ती महाग पडते.

पुढची पाळी पिएत्रो जेर्मीच्या 'दिव्होर्त्सिओ आल्लितालियाना' या सिनेमाच्या लोकांदिनेची. ती म्हणजे उभं, अरुंद पोस्टर, साधारण ३३ बाय ७० सेंटिमीटर. तीही काकांकडेच देणार, फक्त दिवाळीच्या गर्दीआधी.